बोअरच्या मातीचं चित्र

आधीच सांगते, माझं अक्षर गिचमिड आहे आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी हे मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे सही आणि वाण्याची यादी, एवढंच लिहीत आले. आमच्या कॉलनीतल्या बायका दिवाळीला हाताने लिहिलेला अंक काढतात. त्या म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं शाळेत काम केलंत, त्याचं काहीतरी लिहा की." मी नको म्हटलं. चार माणसांत मला बोलायला होत नाही, तिथे लिहून कुणाच्या हातात काय देणार? पण दुपारी घरात कोणी नसतं, तेव्हा लिहायला बसले. द्यायचं की नाही ते पुढचं पुढे. चुका सांभाळून घ्याव्यात.

मी सावेडीतल्या एका इंग्रजी शाळेत चित्रकलेच्या खोलीची मावशी होते. बाकीच्या मावश्या वर्ग झाडायच्या, डबे उघडून द्यायच्या. माझ्याकडे ही एकच खोली, पण तिचं काम चार खोल्यांचं. ब्रश धुणं हे त्यातलं मुख्य. मुलं ब्रश पाण्याच्या डब्यात तोंडावर उभे करून जातात, त्याने केस वाकडे होतात ते कायमचे. आणि धुतलेला ओला ब्रश सरळ उभा ठेवला, तर पाणी मुळाशी उतरून केस गळतात. तो आडवाच वाळवायचा. हे मला जोशीबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं. बाई चित्रकला शिकवायच्या. आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

ब्रश सोपे. अवघड होतं ते झाडणं. कारण त्या खोलीत कचरा कोणता आणि काम कोणतं, हे ओळखू येत नाही. वरच्या वर्गातली मुलं 'मिक्स मीडिया' नावाचा प्रकार करतात. म्हणजे नुसता रंग नाही, तर रंग, कापड, कागद, तार, पत्रा, माती, जे मनात येईल ते एकत्र घेऊन एक चित्र करायचं. थोडी आपल्या गोधडीसारखी रीत, थोडी दिवाळीतल्या किल्ल्यासारखी. मी नवीन असताना एका मुलाच्या चहाच्या वापरलेल्या दोरीवाल्या पुड्या केरात टाकल्या. त्याने त्या महिनाभर जमवल्या होत्या, म्हणे त्यांच्यावर चित्रं काढायची होती. मुलगा रडला नाही, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचं घर जाळलं होतं. मग आठ दिवस आमच्या घरी आणि शेजारणीकडे तसल्याच पुड्यांचा चहा केला आणि त्या वाळवून त्याला आणून दिल्या. तेव्हापासून मी नियम केला. जे ठेवायचं, त्याच्याभोवती मुलांनी खडूने रेघ मारायची. रेघेच्या आत काहीही असो, गंजलेला खिळा असो नाहीतर केळीची साल, मी हात लावणार नाही.

दहावीची चित्रकलेची परीक्षा परदेशी बोर्डाची असते. वर्षभर तयारीचं काम, नमुने, वही, आणि शेवटी एक मोठं चित्र. ते शेवटचं चित्र शाळेतच, बाईंच्या देखरेखीत, ठरलेल्या तासांत पूर्ण करायचं. त्यात कुणीही मदत करायची नाही. बाईंना सही करून द्यावी लागते की हे सगळं मुलाचं स्वतःचं आहे. एकदा एका बंगल्यातले वडील मुलाचं काम घरून 'थोडं नीट करून' घेऊन आले. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "छान केलंय तुम्ही. आता मुलाला करायला सांगा." ते गृहस्थ लाल झाले. मी सिंककडे तोंड करून हसून घेतलं.

आता ज्या मुलीबद्दल लिहायला बसले ती ऋतुजा. पहिलीला सरकारी नियमातल्या मोफत जागेवर लागलेली, आठवीनंतर ती सवलत संपली तेव्हा शाळेने फी निम्मी केली. आई आणि ती सावेडीतच एका खोलीत राहायच्या. वडील दत्ताभाऊ बोअरच्या गाडीवर ऑपरेटर. गाडी जाईल तिकडे ते. कधी बीड, कधी लातूर, कधी कर्नाटक. त्यांचं गाव खर्ड्याजवळ, माझं माहेरही तिकडचंच, म्हणून ती माझ्याशी घरच्यासारखं बोलायची. इतरांशी अजिबात नाही. मी लाजरी, ती माझ्याहून लाजरी. आम्ही दोघी सिंकपाशी ब्रश धुत उभ्या राहायचो आणि कितीतरी वेळ कोणीच बोलायचं नाही, तरी बरं वाटायचं.

तिच्या आईला हा विषय पसंत नव्हता. "रंगोटी करून पोट भरतं का?" त्या म्हणायच्या. शेवटी मायलेकींत ठरलं की या परीक्षेत वरची श्रेणी आली तर अकरावीला चित्रकला ठेवायची, नाहीतर सोडायची आणि पुन्हा नाव काढायचं नाही. ऋतुजाने हे मला सांगितलं तेव्हा ती रंग कालवायची पत्र्याची पॅलेट घासत होती. घासून घासून पत्र्याला भोकच पडेल असं वाटलं मला.

परीक्षेच्या पेपरात त्या वर्षी विषय आले होते, त्यातला तिने 'अंतर' घेतला. बाकीच्या मुलांनी रस्ते काढले, रेल्वेचे रूळ काढले, विमान काढलं. ऋतुजाने जमिनीत खाली जायचं ठरवलं. बोअर घेताना जमिनीत एकामागून एक लोखंडी रॉड उतरवतात, आणि गाडीवरची माणसं प्रत्येक रॉडला वर आलेल्या भुकटीची एक मूठ बाजूला ठेवतात. ओळीने लहान लहान ढीग होतात. काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग राखाडी दगड, मध्येच तांबडा पट्टा. ती ओळ बघून जागेच्या मालकाला कळतं आपण कुठवर आलो. ऋतुजाला दाराएवढी उंच फळी हवी होती. तिच्यावर वरून खाली हे थर द्यायचे, आणि थरांमध्ये वडिलांचे फाटके हातमोजे, शर्टाचे तुकडे, लहानपणापासूनचे फोटो बसवायचे. "पप्पा जितके खाली जातात, तितके माझ्यापासून लांब जातात," ती बाईंना म्हणाली.  बाई तिच्या वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कर."

दत्ताभाऊंनी कितीतरी महिने दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून पाठवली. पिशवीवर पेनने गावाचं नाव आणि किती फुटांवरची ते लिहिलेलं. कधी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर, कधी ओळखीच्या टेम्पोतून. ऋतुजाने खोलीच्या कोपऱ्यात कागदांवर ढीग मांडले, भोवती खडूची रेघ मारली. सरस कालवायला मधे एक करवंटी ठेवली.

तेव्हा मी भाचीच्या लग्नाला जामखेडला गेले होते. शाळेत पाहुणे यायचे म्हणून कंत्राटदाराच्या बायका सफाईला आल्या. त्यातल्या एकीने चित्रकलेची खोली उघडली आणि समोर काय, तर रिंगणात काळे-तांबडे मातीचे ढीग ओळीने, मधे करवंटी! ती घाबरली. कुणीतरी उतारा मांडलाय असं तिला वाटलं. तिने देवाचं नाव घेत सगळं सुपलीत भरलं, मागच्या नाल्यात सोडलं, रेघ पुसून काढली, वर खोलीत गोमूत्र शिंपडलं आणि पाय धुऊन घरी गेली.

मी आले तेव्हा ती बाई भेटली. मी विचारलं तर तीच माझ्यावर चिडली.

"आवो, शाळा हाय का काय हाय? लेकरं येत्यात हितं! कुणाच्या पोराला काय झालं असतं मग?"

"ती माती बोअरची होती गं."

"बोअरची माती रिंगनात कशाला ठिवायची? आन् करवंटी?"

"सरस कालवायला."

"मला काय म्हाईत बाई, सरस का काय! मी तर दोन दीस जेवले न्हाई भीतीनं."

तिच्यावर रागावता येईना. तिने आपल्या परीने मुलांना वाचवलं होतं.

 ऋतुजा कोपऱ्यातल्या स्वच्छ फरशीकडे बघत बसली. जोशीबाई म्हणाल्या, "आपण पावडरचे रंग मिसळून तसेच थर करू शकतो." तिने मान हलवली, पण हात हलेना. परीक्षेचे तास दोन आठवड्यांवर. दत्ताभाऊंची गाडी कर्नाटकात आत कुठेतरी, फोन लागत नव्हता. आई म्हणाली, "देवालाच नको असंल." तेवढं ऐकून ऋतुजा खोलीत आली आणि तिने तिचे ब्रश माझ्या हातात दिले. "लहान मुलांना द्या, मावशी. मला लागणार नाहीत."

मी ते घेतले. धुतलेलेच होते, तरी पुन्हा धुतले. 

माझं नशीब असं की त्याच आठवड्यात आमच्या गल्लीमागे नवीन इमारतीच्या जागेवर बोअरची गाडी आली. सकाळपासून घरातली भांडी थरथरत होती. मी शाळेत गेले आणि ऋतुजाला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." जोशीबाईंनी तिच्या आईला फोन करून विचारलं आणि दोघींना सोडलं.

तिथे सगळीकडे पांढरा धुरळा. ऑपरेटर तोंडाला रुमाल बांधून उभा. परक्या माणसाशी बोलायला मला जमत नाही. मी पदर तोंडाशी धरून नुसतीच उभी राहिले. शेवटी ऋतुजाच पुढे झाली. तिचा एवढा मोठा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

"दादा, केसिंग किती टाकलं? मुरूम संपला का?"

तो वळला. "तुला काय करायचं गं केसिंगच्या पाइपाचं?"

"प्रत्येक रॉडची एक एक मूठ पाहिजे. ओळीनं."

"कशाला? लाडू वळायचेत व्हय?" त्याचे साथीदार हसले. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "कुणाची पोरगी तू? बोलती तर गाडीवाल्यावानी."

तिने वडिलांचं नाव सांगितलं. त्याने रुमाल खाली घेतला.

"दत्ताभाऊची? आगं, त्यानंच मला बोअरचा हातोडा चालवायला शिकीवला! ए बबन्या, घमेलं आन. पोरीला सावलीत बसायला दे. आन् मावशीला पानी दे, त्या कधीच्या पदर खात्यात."

त्याने दत्ताभाऊंना फोन लावला, आणि नेमका लागला. तिकडे त्यांची गाडी बंद होती, जेवणाची वेळ होती. ऋतुजाने रडत रडत सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "फोन ठिवू नको. गाडीकडं धर." मग तिने तो फोन तसाच हातात धरला आणि आम्ही बसलो. गाडीचा आवाज एवढा की माझ्या दातांत शिरत होता. मला तो सगळा एकच आवाज वाटत होता. मधेच फोनमधून दत्ताभाऊ ओरडले, "बदलला! आता मांजऱ्या लागला. घे मूठ!" ऋतुजाने घमेल्यात हात घातला. खरंच भुकटीचा रंग बदलला होता. ठिपकेदार राखाडी दगड, तोच मांजऱ्या. पुन्हा काही वेळाने, "आता मऊ लागलं, तांबडं आसंल बघ!" आणि तांबडं निघालं. माणूस तिकडे कर्नाटकात भाकरी खात बसलेला, आणि इथल्या सावेडीच्या पोटातला दगड त्याला ऐकू येत होता. जेवण संपलं तरी त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांच्या गाडीवरचं कुणीतरी ओरडत होतं, "दत्ता, चल की आता!" ते म्हणत होते, "थांब रे, हिकडं बोअर चालू हाय माझा."

परत येताना ऋतुजाच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. चित्रकलेच्या खोलीच्या दारातच तिने माझ्याकडून ब्रश मागून घेतले.

पुढचं काम सोपं झालं असं नाही. भुकटी फळीवर चिकटेना. मी माझं डोकं चालवलं. आमच्याकडे भिंती सारवायला मातीत शेण आणि मेथीचं पाणी घालतात, तसं कर म्हटलं. बाईंचा नियम असा की आधी लहान तुकड्यावर करून बघायचं. तिने केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला भेगाच भेगा. मी खजील झाले. ऋतुजाने तो तुकडा वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की मावशीच्या पद्धतीने तडे गेले. ती वही पुढे परीक्षकांकडे गेली. म्हणजे माझी फजिती लांबच्या लोकांनीही बघितली असणार. पण सगळ्यात वरच्या काळ्या मातीच्या थराला तिने मुद्दाम तेच वापरलं. म्हणाली, "मे महिन्यात आपल्याकडची रानं अशीच दिसतात." बाकीच्या थरांना बाईंनी सांगितलेला गोंद चालला.

मातीचं वजन झालं आणि सरावाची पातळ फळी वाकायला लागली. जाड प्लाय आणि गोंदाचा मोठा डबा हवा होता. दत्ताभाऊंचा पगार गाडीमालकाकडे अडकलेला. मी सुताराला पैसे दिले आणि ऋतुजाला म्हटलं, शाळेने आणलं. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, "मी परत देणार. नाहीतर बाई सही कशी करतील?" मी म्हटलं, "अगं, सही चित्राची असते, फळीची नाही." तिने ऐकलं नाही.

परीक्षेचे दिवस आले. खोलीत तीन मुलं, बाई आणि मी. मी फक्त पाणी बदलायला. ऋतुजाने फळी भिंतीला टेकवून उभी केली आणि स्टुलावर चढून वरून खाली काम करत आली. फोटो मातीत अर्धे दिसतील, अर्धे पुरलेले, असे बसवले. हातमोज्याची बोटं तिने खालच्या बाजूला वळवली होती. दुसऱ्या दिवशी शेवटचा तास चालू असताना मला दिसलं की तांबड्या थराचा एक मोठा पोपडा सुटतोय. तिचे दोन्ही हात खाली शर्टाच्या तुकड्यावर दाबलेले. तिला दिसत नव्हतं. मी दोन पावलांवर होते. नुसता तळवा लावला असता तरी थांबलं असतं. मी पुढे झालेसुद्धा. मग जोशीबाईंकडे बघितलं. त्यांनाही दिसत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि पदराचं टोक पिळत उभी राहिले. आयुष्यभर हाताने काम केलं, पण हातांना इतकं जड काम कधी पडलं नव्हतं.

पोपडा पडला. फरशीवर फुटला. ऋतुजाने वर बघितलं. तिथे आता उघडी फळी दिसत होती, ताटलीएवढी. माती परत लावून वाळायला वेळ नव्हता.  मग तिने ती जागा तशीच सोडली, फक्त कडा बोटाने नीट केल्या आणि खालचं काम पुरं केलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "गेलं, मावशी." मी तिचे हात नळाखाली धरले आणि नखांतली माती काढत बसले. तेवढं करायला आता परवानगी होती.

काही दिवसांनी दत्ताभाऊ घरी आले, तेव्हा शाळेत चित्र बघायला आले. पायातल्या चपला दारात काढल्या. मुलीची आई बरोबर होती. ते फळीसमोर उभे राहिले आणि आपण पुस्तक वाचतो तसं त्यांनी चित्र वरून खाली वाचलं. "काळी. मुरूम. मांजऱ्या. बरुबर." मग त्या उघड्या जागेपाशी त्यांचा हात थांबला.

ऋतुजा म्हणाली, "तिथं चुकलं, पप्पा. पडलं."

"चुकलं कुठं?" ते म्हणाले. "ही पोकळ हाय. तांबड्यात आसती कधी कधी. हातोडा एकदम खाली जातो, आवाजच बंद व्हतो. तवा आमी समदे गप व्हतो."

"मग?"

"मग काय न्हाई. कान दिऊन थांबायचं. पानी यायचं आसलं तर हितूनच येतं."

आईने पदराने डोळे पुसले आणि वर म्हणाली, "धूळ लई हाय हितं." जोशीबाई खिडकी उघडायला गेल्या. खिडकी उघडीच होती.

निकाल यायला बरेच महिने गेले. श्रेणी वरची आली. आईने शब्द पाळला. ऋतुजाने अकरावीला चित्रकला घेतली. त्याच सुमारास माझी नोकरी संपली. निरोपाला मला बोलायला लावलं, तेव्हा मी "सगळ्यांनी ब्रश आडवे वाळवा" एवढंच बोलले आणि खाली बसले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अजून मला त्याची लाज वाटते.

फळीचे पैसे दत्ताभाऊंनी पगार झाल्यावर निम्मे पाठवले होते. बाकीचे नकोत म्हणून मी निरोप धाडला. गेल्या महिन्यात ऋतुजा घरी आली. कपड्यांवर निळ्या ऑइलपेंटचे डाग. वडिलांच्या गाडीवर तिने गाडीचं नाव रंगवलं होतं, दोन्ही बाजूंनी, वर फुलं आणि मोर. गाडीमालकाने खूश होऊन तिला मजुरी दिली. तिची पहिली कमाई. ती माझ्यासमोर ठेवली.

"अगं, ठेव ना तुला. मला काय कमी आहे?"

"नाही मावशी. फळी तुमची असेल तर चित्रही थोडं तुमचं होतं. घ्या."

मी पुन्हा नको म्हटलं. ती उठून उभी राहिली. त्या लाजऱ्या मुलीला रागावताना मी पहिल्यांदा बघितलं.

"तुम्ही त्या दिवशी हात मागे घेतले होते ना? मी बघितलं होतं. मग आता पुढे करा."

मी हात पुढे केले. नोटांना रंगाचा वास येत होता. तिने मला पैसे मोजायला लावले. मी मोजले. पुरे होते.